माळ्यावरच्या कॅसेटी पुन्हा वाजवायच्या तर

गणपतीला गावी आलेला माणूस माळ्यावर चढतो तो मखराचं सामान काढायला, आणि उतरतो तेव्हा काखेत बुटांचा खोका असतो. खोक्यात पंधरा-वीस कॅसेटी. ‘सुपरहिट’, ‘टॉप टेन’, ‘निवडक’, ‘बेस्ट ऑफ’ असं काहीबाही छापलेल्या. त्यातली एक तो तशीच टू-इन-वनमध्ये, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या मशीनमध्ये, घालतो. दहा सेकंद गाणं वाजतं, मग गायकाला रडू फुटल्यासारखा आवाज येतो आणि टेप आत गुंडाळली जाते. मी हेच केलं होतं. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी, चतुर्थीच्या आदल्या रात्री, सगळं घर ओटीवर जमलेलं असताना. हातभर टेप कात्रीने कापून काढावी लागली. त्यानंतरची दोन-तीन वर्षं विचारत, चुकत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

‘फोनवर सगळी गाणी आहेत, मग हा खटाटोप कशाला?’ असं कुणी विचारेलच. गाणी आहेत, पण कॅसेटचा क्रम फोनवर नाही. एक गाणं संपल्यावर मधल्या दोन-तीन सेकंदांच्या सुनसानीत आपला कान पुढच्या गाण्याच्या पहिल्या सुराची वाट बघतो. ती सवय त्या एका कॅसेटने लावलेली असते. शिवाय अशा कॅसेटवर चार गाजलेल्या गाण्यांच्या मध्ये दोन-तीन भरतीची गाणी असायची. कंपनीने जागा भरायला टाकलेली. ती आज कुणी शोधत नाही, कारण त्यांची नावंच आठवत नाहीत. ऐकली की मात्र शब्दन् शब्द तोंडावर येतो. हे काम खरं तर त्यांच्यासाठी करायचं.

‘पॉप’ हा शब्द मी इथे ऐसपैस वापरतोय. मे महिन्यात वाडीत सत्यनारायणाची पूजा असली की सकाळी सातपासून कर्ण्यावर जे जे वाजायचं ते सगळं त्यात आलं. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथांनी चाल दिलेली, लताबाई आणि हेमंतकुमारांनी गायलेली कोळीगीतं. वेसावकर मंडळींची नाचायची गाणी. १९९५-९६ मध्ये आलेले अलिशा चिनॉय, दलेर मेहंदी, लकी अली. २००२ च्या सुमाराला वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते. खाली वेंगुर्ला-सावंतवाडीकडे गोव्याची हवा, त्यामुळे तिथल्या खोक्यांत ख्रिस पेरींच्या चालीवर गायलेली लॉर्नाची कोंकणी गाणी सापडतात. आणि रत्नागिरीकडे घरातलं कुणी आखातात असेल तर बोनी एम आणि ॲबा हे परदेशी बँड हमखास.

आधी हंगाम बघा

माझी चतुर्थीची चूक मुळात हंगामाची होती. पावसाळ्यात कॅसेट वाजवायची नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे भिंतींना पाझर असतो, मीठ डब्यात पाणी होतं, चपला हिरव्या होतात. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि या दिवसांत किनाऱ्यावर ती त्याखाली क्वचितच येते. ओलसर टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. मशीनने जोराने ओढलं की ती आत अडकते, नाहीतर तुटते.

तेव्हा गणपतीत खोका सापडला तर फक्त खाली आणा, कॅसेटी टोपलीत सुट्या मांडून वाऱ्याला ठेवा, कव्हरांचे फोटो काढा आणि पंगतीला बसा. खरं काम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दुपारची हवा कोरडी असते, त्याहून चांगला मुहूर्त नाही. मे महिन्यात आंबे आणि पाहुणे सोडून हे कुणाला सुचणार? सुचलंच तर कॅसेटी गाडीच्या काचेखाली विसरू नका. उन्हाने प्लॅस्टिक वाकडं होतं आणि वाकडी कॅसेट सरळ करायचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

कुठे शोधाल

आपल्या माळ्यावर काही नसेल तर वाडीतल्या माईकवाल्याकडे जा. लग्न, पूजा, क्रिकेटच्या मॅची यांना जो कर्णे भाड्याने द्यायचा तो. आता त्याच्याकडे पेनड्राइव्ह आहे, पण पत्र्याची पेटी त्याने टाकलेली नसते. दुसरे म्हणजे जुने सहाआसनी रिक्षावाले आणि ट्रकवाले. यांच्या कॅसेटी मात्र झिजलेल्या असतात आणि त्यांना डिझेलचा वास येतो. मुंबईत चोरबाजारात अजून ढिगाने मिळतात. तिथे घेताना कॅसेट उजेडाकडे धरून खिडकीतून टेपच्या गुंडाळ्या बघा. गुंडाळीची कड सपाट आणि एकसारखी तपकिरी असली तर ठीक. पांढरी पिठी दिसली तर फुकटातसुद्धा घेऊ नका, आपल्याकडे घरची पुरेशी आहे.

वाजवण्याआधी कव्हर वाचा

नवखे लोक हे टाळतात आणि पुढे डोकं धरून बसतात. आतला कागद पूर्ण उलगडा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दोन्ही साइडची यादी वहीत क्रमाने उतरवा. वर्तुळातल्या ‘पी’ या अक्षरापुढे जे साल असतं ते ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्याचं. कण्यावर किंवा कोपऱ्यात छापलेला कॅसेट-क्रमांक जरूर टिपा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर क्रमांकाने शोधलं तर बऱ्याच कॅसेटी सापडतात. नावाने शोधलं तर ‘सुपरहिट’च्या शंभर मिळतील.

मग बारीक अक्षरं वाचा. संकलनात तीन प्रकारची फसगत असते, फसगत म्हणायची नसेल तर गंमत म्हणा.

पहिली ‘व्हर्जन’. गाणं तेच, गायक दुसरा. नव्वदच्या दशकात कायद्यानेच अशी वाट ठेवली होती की मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येई. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली. पण त्याआधीच्या दोन वर्षांच्या मुदतीमुळे बाजारात व्हर्जनचा पूर आला होता. कव्हरवर जुन्या नटाचा मोठा फोटो आणि गायकाचं नाव मुंगीएवढं असलं की समजावं. मी कणकवलीच्या बाजारात अशी एक कॅसेट मूळ गायकाची म्हणून घेतली, घरी येऊन लावली आणि दुसऱ्या ओळीला आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “हो कोण गाता?”

दुसरी ‘झंकार’. जुन्या ध्वनिमुद्रणावरच वरून इलेक्ट्रॉनिक ढोल आणि घुमारा चढवलेला. शुद्धतावादी लोक नाकं मुरडतात. माझं मत वेगळं आहे. तुम्ही लहानपणी कर्ण्यावर झंकारच ऐकलं असेल, तर तुमच्यासाठी मूळ गाणं तेच. बिनढोलाचं ऐकल्यावर काहीतरी गळाल्यासारखं वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरी परदेशी संकलनांतली. कॅनडाच्या के-टेल कंपनीने टीव्हीवर जाहिराती करून हिट गाण्यांची संकलनं विकण्याचा मोठा धंदा केला. पुढे अशा स्वस्त संकलनांत त्याच गायकाने वीस वर्षांनी पुन्हा म्हटलेली गाणी घालायची पद्धत पडली. कव्हरवर कुठेतरी ‘री-रेकॉर्डेड’ असं लिहिलेलं असतं. गायक तोच, नाव तेच, तरी कान म्हणतो हे ते नव्हे. कानावर विश्वास ठेवा. पण परदेशी संकलन म्हणजे दुय्यम माल असंही धरू नका. ॲबाची सर्वांत जास्त खपलेली तबकडी हे १९९२ चं संकलनच आहे.

कव्हरवरून आणखी एक काम साधतं. गायकाऐवजी संगीतकाराच्या नावाचा धागा धरला की गाण्यांची नाती कळतात. नाझिया हसनचं १९८० चं गाजलेलं गाणं आणि अलिशा चिनॉयचा १९९५ चा अल्बम एकाच कॅसेटवर शेजारी दिसले तर तो निव्वळ योगायोग नसतो, दोन्हींचे संगीतकार बिद्दू.

आणि कव्हरच नसेल तर? म्हणजे तुमच्या हातात सगळ्यात मोलाची वस्तू आलेली आहे. ती रेकॉर्डिंगच्या दुकानातून भरून आणलेली. तालुक्याच्या बाजारात असं एक दुकान असायचंच. कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, आठवड्याने जायचं. आमच्याकडची काकाने भरून घेतलेली आहे. निळ्या बॉलपेनने लिहिलेली यादी, एका साइडला सहा गाणी, सातवं नाव खाली दाटीने कोंबलेलं. या सातव्याकडे पुढे येतो.

साफसफाई

खळ्यात बसा, घरात नको. वारा पाठीमागून येईल असं बसा, नाका-तोंडाला एन-९५ मास्क लावा. बुरशीचे कण श्वासातून जातात आणि दम्याच्या माणसाने हे काम मुळीच करू नये.

बुरशी आलेल्या कॅसेटी आधी सुकवायच्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या गोळ्यांसोबत आठवडाभर ठेवा. निळ्या गोळ्या मिळाल्या तर उत्तम, ओल शोषली की त्या गुलाबी होतात, म्हणजे बदलायच्या कधी ते कळतं. उन्हात वाळत घालायचं नाही, त्या काही आंबोशी नाहीत.

मग कॅसेट उघडायची. पाच बारीक स्क्रू असतात. त्याआधी टेबलावर पांढरं फडकं पसरा, नाहीतर स्क्रू उडतो आणि खळ्याच्या मातीत जातो तो जातोच. वरचं झाकण सरळ वर उचला आणि काहीही न हलवता फोनवर फोटो काढा. कोपऱ्यातल्या दोन चाकांवरून टेप कशी फिरते, पातळ कागद कुठे आहे, हे सगळं त्या फोटोत राहतं. नंतर शपथ घेऊन सांगाल की लक्षात होतं, पण नसतं. ज्यांना स्क्रूच नाहीत, चारी बाजूंनी चिकटवलेल्या आहेत, त्या पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

गुंडाळीच्या कडेवरची पिठी मऊ सुक्या ब्रशने अलगद झाडा. मग षट्कोनी पेन्सिल दातेरी भोकात घाला (नटराज बरोब्बर बसते) आणि टेप एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळूहळू फिरवत न्या. मधल्या मोकळ्या टेपला सुक्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून जाऊ द्या. ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. तासाभराच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर टेप असते, तेव्हा सोबतीला रेडिओ लावा. नव्वद मिनिटांची असेल तर आणखी जपून, कारण तिची टेप जास्त पातळ असते. जुनं खोकडं, म्हणजे बाहेरचं प्लॅस्टिक, फार माखलेलं असेल तर कोऱ्या कॅसेटचं खोकडं वापरून गुंडाळ्या त्यात बसवा.

मधोमध तांब्यासारख्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडवर, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. आपल्या हवेत त्याचा गोंद सुटतो. तुकडा गळलेला असला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, आणि लोक मशीनला दोष देतात. टाकाऊ कॅसेटमधून पट्टीच काढून लावा. फेविक्विकचा मोह आवरा.

टेप तुटली असेल तर सेलोटेप नको. तिचा गोंद पसरतो आणि पुढचे थर चिकटतात. टेप जोडायची खास चिकटपट्टी ऑनलाइन मिळते. दोन्ही टोकं तिरपी कापून एकमेकांना भिडवा आणि पट्टी आतल्या बाजूने लावा, हेडला टेकणाऱ्या बाहेरच्या बाजूने नाही. पट्टी टेपच्या रुंदीबाहेर, म्हणजे जेमतेम पावणेचार मिलिमीटरच्या बाहेर, जाता कामा नये.

मशीन

मी नवीन मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी प्लेअरपेक्षा घरचा जुना टू-इन-वन दुरुस्त करून घेईन. बिघाड नव्वद टक्के वेळा बेल्टचा. रबर वितळून त्याचं डांबर होतं, ते पुसून नवीन बेल्ट घालायला जाणता मेकॅनिक फार पैसे घेत नाही. हेड आणि त्याच्या बाजूची लोखंडी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकाडीने पुसा, कानकाडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. रबरी रोलर साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवा. आणि पहिली घालायची ती गेली तरी चालेल अशी कॅसेट. माझ्याकडे यासाठी एका इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या कोर्सची कॅसेट आहे.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे थर सुटे होतात. एवढं करूनही दुकानात भरलेल्या कॅसेटचा आवाज दबका वाटला, तर कदाचित दुकानदाराच्या मशीनचं हेड किंचित तिरपं होतं. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा, गाणं चालू असताना स्क्रू अगदी पाव फेरा इकडे-तिकडे फिरवा. झांजांचा आवाज स्वच्छ आला की थांबा. भाड्याच्या किंवा शेजाऱ्याच्या मशीनवर हा प्रयोग करू नका.

उतरवून घेणे

हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीची वायर लॅपटॉपला जोडायची. बऱ्याच लॅपटॉपचं माइकचं भोक एकाच बाजूचा आवाज घेतं, म्हणून यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा. मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, म्हणजे तासाची कॅसेट सहाशे-साडेसहाशे एमबी. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या जागी उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या, लाल झाली की आवाज फाटला. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, गुणगुण कमी होते. वीज गेली तरी काम अडू नये म्हणून मी टू-इन-वनसुद्धा सेलवरच चालवतो, फक्त सेल नवे हवेत. उतरलेल्या सेलवर सगळेच गायक आजारी पडतात.

पूर्ण साइड एका दमात उतरवा. तुकडे नंतर करा, आणि अखंड फाइलही ठेवा, कारण मधल्या सुनसानी त्यातच राहतात. खरखर घालवायचं बटण हलक्या हाताने वापरा. मी पहिल्यांदा इतकी खरखर काढली की कोळीगीतातला दर्या बादलीत आला.

हे सगळं घरात ऐकण्यापुरतं. यूट्यूबवर चढवू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि संकलनातलं प्रत्येक गाणं वेगळ्या मालकाचं असू शकतं.

झालेल्या कॅसेटी पूर्ण मागे गुंडाळून, उभ्या, घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डबा माळ्यावर परत नको, माजघरातल्या कपाटात ठेवा, आणि स्पीकरपासून लांब, कारण त्यात चुंबक असतो.

आता फोन काढा

वहीतली यादी घ्या आणि फोनवर प्लेलिस्ट त्याच क्रमाने लावा. शोधताना फोनवर दिसणाऱ्या सालावर जाऊ नका. १९७४ चं गाणं २००५ च्या संकलनात घातलेलं असलं की तिथे २००५ दिसतं. गाण्याची लांबी तुमच्या फाइलशी ताडून बघा. पंधरा-वीस सेकंदांहून जास्त फरक असला तर बहुतेक ती दुसरी आवृत्ती आहे, किंवा कॅसेटवर सुरुवातीचं संगीत कापलेलं होतं. जे गाणं कुठेच मिळत नाही तिथे स्वतःची फाइल घाला. भरतीच्या गाण्यांपैकी एक-दोन अशी निघतातच.

काकाच्या कॅसेटची यादी मी अशी लावली आणि गेल्या माघात ओटीवर वाजवली. काकी सुपारी कातरत होती. सातवं गाणं आलं. दुकानदाराने अर्ध्या तासाच्या साइडवर ते कोंबलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कडव्याच्या मध्ये टेप संपायची. आमच्या घरात ते गाणं सगळे तिथपर्यंतच गुणगुणतात आणि गप्प होतात, लग्न होऊन गेलेल्या आत्यासुद्धा. फोनवर ते पुढे चालू राहिलं. काकीचा अडकित्ता थांबला.

“ह्यां पुढचां खंयसून इलां रे?”

“गाणं एवढंच आहे काकी. कॅसेट संपायची.”

तिने तिसरं कडवं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरां आसा. पण तू आमचांच लाव.” प्लेलिस्टमधलं सातवं गाणं काढून मी तिथे कॅसेटची फाइल घातली.